आमची फिरती इंटर्नशिप मानशीवरून का सुरू होते

मानस म्हणजे खाडीकाठच्या शेताच्या बांधातली पाण्याची वाट. तिचे दार कोणी बंद करीत नाही. भरतीचे पाणी चढू लागले की त्याच्याच दाबाने लाकडी फळी चौकटीला घट्ट बसते आणि खारे पाणी शेतात शिरत नाही. ओहोटी लागली की आतले पाणी फळीला बाहेर ढकलते आणि शेतातले जादा पाणी नदीत उतरते. मागच्या तुकडीतल्या एका निवृत्त अभियंत्याने वहीत याची आकृती काढली आणि खाली लिहिले, ‘नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह’. बांधावर विडी ओढत बसलेल्या आजोबांनी मान वाकवून पाहिले आणि म्हणाले, “व्हॉल्व्ह न्हय बाबा, मानस.”

तेरेखोलपासून गालजीबागपर्यंत बसने आणि पायी फिरणाऱ्या आमच्या या उपक्रमाला इंटर्नशिप म्हणतात खरे, पण येणारे असतात चाळिशी-पन्नाशीचे. फोंड्याच्या शिक्षिका, डिचोलीचे बँकवाले, दोडामार्ग-सावंतवाडीहून आलेले एखाददुसरे शेतकरी. (या वयात इंटर्न म्हणवून घ्यायला मजा वाटते, असे त्यांच्यातलेच एक म्हणाले.) पत्रकावर दोन विषय असतात: किनारी विज्ञान आणि मूलनिवासी संस्कृती. गोव्यात हे दोन विषय नव्हतेच. ते वेगळे कधी झाले, हे ठाऊक नसेल तर ही भटकंती नुसती सहल होते.

खाजन म्हणजे खाडीच्या पाण्यातून बांध घालून काढलेली जमीन. गोव्यात अशी सुमारे 18,000 हेक्टर आहे. चिखल, पेंढा, चिरे यांचा बांध, त्यात मानस, आत पाणी साठणारे तळे, म्हणजे पोंय, आणि जमिनीत खार सोसणारे कोरगुट भात. पहिल्या पावसाने खार धुऊन गेला की पेरणी, पावसाळा सरताना कापणी. खेकड्याने बांधाला भोक पाडले तर ते त्याच दिवशी बुजवायचे, नाही तर पुढच्या उधाणाला आख्खे शेत जाते. भरती-ओहोटीचे वेळापत्रक, पाण्याचा खारेपणा, मातीची जात, माशांची ये-जा हे सगळे एकाच माणसाच्या डोक्यात असे. व्यवस्था गावकारीची, म्हणजे गावच्या जमिनीचा सामाईक कारभार पाहणाऱ्या संस्थेची होती. पोर्तुगीज महसूल अधिकारी अफोंसू मेशियाने 1526 मध्ये तिचे रिवाज कागदावर उतरवले, म्हणजे ती त्याआधीपासून चालत होती. जुन्या काबिजादीतल्या, म्हणजे पोर्तुगिजांनी आधी जिंकलेल्या भागातल्या, गावकारीवर पुढे दामोदर कोसंबींनीही लिहिले. ते जन्माने गोव्याचे, पेशाने गणिती, आणि इतिहास पायाने तुडवून शोधायचा असतो असे मानणारे. आमच्या पद्धतीचा पूर्वज शोधायचा तर मी त्यांच्याकडे बोट दाखवीन.

तरी गावकारीला सोन्याचा मुलामा द्यायची गरज नाही. नफ्यातला वाटा, म्हणजे झोंण, गावकार घराण्यांतल्या पुरुषांना मिळे. चिखल वाहणारे गावडे-कुणबी बहुतेक ठिकाणी त्या यादीत नव्हते, आणि बायका तर नव्हत्याच.

मुक्तीनंतर 1964 च्या कृषी कुळ कायद्याने कसणाऱ्याला हक्क मिळाला, ते योग्यच झाले. पण बांध राखायची जबाबदारी गावकारीकडून कुळांच्या संघांकडे गेली आणि पुष्कळ ठिकाणी कोणाचीच राहिली नाही. त्यात मानशीवरच्या मासळीची पावणी होते. जो सर्वांत जास्त बोली लावतो, त्याला दार उघडे राहिलेले हवे असते, कारण खाऱ्या पाण्याबरोबर कोळंबी येते. भाताला दार बंद हवे असते. खारावून पडीक राहिलेली कित्येक शेते या भांडणाची निशाणी आहेत. पहिल्या दिवशी आम्ही ती दाखवतो आणि दोन्ही बाजूंची माणसे भेटवतो. कोण बरोबर, हे मी सांगत नाही.

त्याच दशकात समुद्राचे विज्ञान गोव्यात आले, पण दुसऱ्या वाटेने. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत भारताकडून ‘आयएनएस किस्तना’ हे जहाज होते. मोहीम संपल्यावर 1 जानेवारी 1966 रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली आणि तिचे मुख्यालय दोनापावलला आले. 1976 मध्ये ‘गवेषणी’, 1983 मध्ये ‘सागर कन्या’ ही संशोधनाची जहाजे आली. काम मोठेच झाले, कांदळवनांवर आणि खाड्यांवरही झाले. पण ते इंग्रजीत छापले गेले, आणि ज्यांच्या बांधावर नमुने घेतले त्यांच्या घरी अहवाल क्वचितच पोचला.

मच्छीमारांनी मात्र वाट पाहिली नाही. सत्तरच्या दशकात ट्रॉलर किनाऱ्याशी येऊन जाळी ओढू लागले, तेव्हा किनाऱ्यावरून हाताने मोठे जाळे ओढणारे रापणकार रस्त्यावर उतरले. मातान्ही साल्ढाणा हे त्यांच्या नेत्यांपैकी एक. 1980 चा सागरी मासेमारी नियमन कायदा या लढ्यातून आला. माशांची पिल्ले कुठे वाढतात, हे रापणकार प्रयोगशाळेशिवाय सांगत होते.

‘मूलनिवासी’ हा शब्दही इथे जपून वापरावा लागतो. गावडा, कुणबी आणि वेळीप यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला तो 2003 मध्ये. त्याच्या हक्कांसाठी 25 मे 2011 रोजी बाळ्ळीला आंदोलन झाले, त्यात दोघांचा जीव गेला. ज्यांची संस्कृती आपण ‘बघायला’ जातो, त्यांच्यासाठी ती ओळख इतकी ताजी आहे.

हे मला पहिल्याच फेरीत चुकून शिकावे लागले. मे महिन्यात एका गावात मी बायकांना धालो, म्हणजे मांडावर (गावातल्या पवित्र जागेवर) होणारा त्यांचा विधीनाच, करून दाखवायची विनंती केली. सहभागींना व्हिडिओ हवा होता. एक मावशी हसल्या आणि म्हणाल्या, “मांड पौषात जागतो. आता नाचलो तर तो कोणासाठी?” मग त्यांनी आम्हांला चहा दिला आणि मिरच्या निवडायला बसवले. तेव्हापासून कार्यक्रमपत्रिकेत धालो नाही.

त्याऐवजी कुंभारजुवे कालव्याची फेरी आहे. तिथे खाऱ्या पाण्यातही मगरी राहतात. भोमसारख्या खाजनकाठच्या गावांत पौष अमावास्येला चिखलाची मगर करून पुजतात, तिला मानगे थापणी म्हणतात. बांध ज्याच्या वाटेत आहे त्याच्याशी केलेला हा सलोखा. मगरीच्या अधिवासावरचे टिपण आम्ही याच दिवशी वाचतो, आधी नाही.

अशा फिरत्या शिक्षणाची चाल बाहेरूनही आली आहे. हवाईत भरतीच्या पाण्यावर चालणारी माशांची तळी आहेत, त्यांच्या जाळीदार दाराला माकाहा म्हणतात. ती दुरुस्त करायला तिथे शास्त्रज्ञ आणि गावकरी एकत्र उतरतात. 1976 मध्ये होकुलेआ ही होडी हवाईहून ताहितीला गेली ती उपकरणांविना, मायक्रोनेशियाच्या माऊ पियाइलुग यांनी तारे आणि लाटा वाचून नेली म्हणून. आपल्याकडेही जुन्या गोव्यातल्या कृषी संशोधन संस्थेने कोरगुटमधूनच निवड करून ‘गोवा धान 1’ आणि ‘2’ हे वाण दिले. बियाणे शेतकऱ्याचे, निवड शास्त्रज्ञाची.

म्हणून आमच्याकडे बांधावरच्या आजोबांना व्याख्यात्याइतकेच मानधन मिळते, त्याच पाकिटातून आणि त्याच दिवशी. पुढच्या तुकडीची तारीख त्यांनीच ठरवली आहे: अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी, उधाण बांधाच्या कडेला लागेल तेव्हा. खारेपणा मोजायची उपकरणे चार आहेत, फावडी बारा लागतील.