आतले बादुई आणि बाहेरचे बादुई

इंडोनेशियातल्या कानेकेस गावच्या बादुई लोकांत डोक्याला पांढरं फडकं बांधलेलं असेल तर आतला बादुई, गडद निळं किंवा काळं असेल तर बाहेरचा. या गावाबद्दल थोडंफार वाचलेल्या माणसाला एवढं माहीत असतं, आणि बहुतेकांची गाडी इथेच थांबते. मग पुढचा निष्कर्ष आपोआप काढला जातो: आतले ते अस्सल, बाहेरचे ते बाटलेले. हा समज मला फार खटकतो. एका गावाने आपलं घर नीट राखावं म्हणून वाटून घेतलेल्या दोन कामांकडे त्यामुळे चढ-उतार म्हणून पाहिलं जातं.

आधी गाव कुठे आहे ते सांगते. जावा बेटाच्या पश्चिम टोकाला बांतेन प्रांत आहे. त्यातल्या लेबाक जिल्ह्यात, समुद्रापासून दूर, केंडेंगच्या डोंगररांगेत कानेकेस वसलंय. जकार्ताहून लोकलने रांगकासबितुंग या जिल्ह्याच्या ठिकाणी जायचं, तिथून लहान गाडीने चिबोलेगेरला. पुढे गाडीरस्ता नाही, चालायचं. कागदोपत्री हे एकच गाव, पण पसारा पाच हजार हेक्टरांच्या वर आणि वाड्या पन्नासहून अधिक. लोक स्वतःला ‘उरांग कानेकेस’ म्हणतात, म्हणजे कानेकेसची माणसं. अरबस्तानातल्या बदूंशी त्यांचं काही नातं नाही. डचांनी त्या बदूंवरून ‘बादुई’ हे नाव दिलं असं कोणी म्हणतं, तर कोणी ते तिथल्या बादुई डोंगराकडे आणि चिबादुई ओढ्याकडे नेतं.

या सगळ्या वाड्यांपैकी फक्त तीन ‘आत’ आहेत: चिबेओ, चिकर्तावाना आणि चिकेउसिक. नावांतला ‘चि’ म्हणजे सुंदा भाषेत पाणी. प्रत्येक वाडी कुठल्या ना कुठल्या ओढ्याची आहे. या तिघींचा एकेक ‘पुउन’ असतो, आणि धर्माच्या नि रीतीच्या बाबतीत शेवटचा शब्द त्याचा. बाकी सगळ्या वाड्या बाहेरच्या. बहुसंख्य लोकही तिथलेच.

आता फरक. आतल्या घरांना खिळा चालत नाही. सगळं बांबू, लाकूड आणि बांधणीवर उभं. जमीन सपाट करायची नाही, म्हणून उतारावर घर बांधताना खांबाखालचे दगडच कमी-जास्त उंचीचे घेतात. डोंगराला घरासारखं करायचं नाही, घराने डोंगरासारखं व्हायचं. बाहेर खिळा चालतो, करवत चालते. आतला अंगरखा हाताने शिवलेला, त्याला गळपट्टी नाही, गुंड्या नाहीत. बाहेर शिलाई मशीन चालतं. आत ओढ्यात साबण-टूथपेस्ट नेता येत नाही, फोटो काढता येत नाही, आणि परदेशी पाहुण्याला प्रवेशच नाही. तुम्ही-आम्ही गेलो तर बाहेरच्या वाड्यांपर्यंतच. आतला माणूस कुठेही गेला तरी अनवाणी आणि पायी जातो, मग ते जकार्ता का असेना. बाहेरचा माणूस गाडीत बसतो, त्याच्या खिशात मोबाईलही असतो.

एवढं वाचून वाटेल की बाहेर काहीही चालतं. तसं नाही, आणि खरी समजून घेण्याची गोष्ट हीच आहे. भातखाचरं आत नाहीत आणि बाहेरही नाहीत. दोन्हीकडे ‘हुमा’, म्हणजे डोंगरउतारावरचं कोरडवाहू भात, तेही फिरत्या शेतीचं. नांगर नाही, पाट नाही, रासायनिक खत नाही. पुरुष टोकदार काठीने जमिनीत भोकं पाडत पुढे जातो आणि मागून बाया त्यात दाणे टाकत येतात. आपल्याकडच्या टोकणीसारखंच. गाय, म्हैस, शेळी पाळायची नाही. औपचारिक शाळा नाही. एकीहून जास्त बायका करायच्या नाहीत. ‘लांब असेल ते तोडू नये, आखूड असेल ते जोडू नये’ हे त्यांचं मूळ वचन दोन्हीकडे सारखंच बंधनकारक आहे.

भात विकायचंही नाही. ते ‘लेउइत’मध्ये जातं. लेउइत म्हणजे खांबांवर उभारलेली, बांबूच्या भिंतींची कणगीच म्हणा ना. जरा जवळून पाहिलं की प्रत्येक खांबाच्या माथ्याशी लाकडाची एक गोल गुळगुळीत चकती दिसते. उंदीर खांबावरून वर चढतो, चकतीशी अडकतो आणि तिथूनच परत फिरतो. या कोठारांत भात वर्षानुवर्षं टिकतं. आग लागली तर निदान धान्य वाचावं म्हणून ती घरांपासून लांब, वस्तीच्या कडेला बांधतात. पैसा लागतो तो मध, दुरियानची फळं, ताडगूळ आणि हातमागाच्या कापडातून येतो.

मग बाहेरच्यांचं काम काय? त्यांच्या भाषेतच ते सांगून ठेवलंय. आतल्या भूमीला ‘तांग्तू’ म्हणतात, म्हणजे ठरलेली, पक्की. बाहेरच्या भूमीला ‘पानाम्पिंग’, म्हणजे कडेची. कडा नसेल तर मधलं टिकणार कसं? पर्यटक, व्यापारी, सरकारी माणूस, मोबाईलचा टॉवर, सगळं आधी बाहेरच्या वाड्यांवर येऊन आदळतं. सरकारदरबारी बोलणारा गावप्रमुख, ‘जारो पामारेन्ताह’, बाहेरच राहतो. इतर गावांसारखा तो मतदानाने निवडून येत नाही. रीतीप्रमाणे त्याची नेमणूक होते आणि सरकार ती मान्य करतं.

आपल्याला इथे सोवळं-ओवळं आठवतं, पण ती तुलना फसवी आहे. बाहेरच्यांचा स्पर्श आतल्यांना विटाळत नाही. येणं-जाणं, देणं-घेणं रोजचं आहे. हो, आतल्याने मोठा नियम मोडला किंवा त्याला स्वतःलाच ते जगणं नको झालं, तर तो बाहेरच्या वाडीत राहायला येतो. तो बादुईच राहतो, त्याला शेत मिळतं, देवही तोच. ही सोय नसती तर तीन वाड्यांचा कडक नियम इतक्या पिढ्या टिकला असता असं मला वाटत नाही.

लेबाक जिल्ह्याने 2001 साली नियम करून ही सगळी जमीन बादुईंची सामूहिक जमीन म्हणून मान्य केली. त्यातला मोठा भाग राखीव रान आहे, तिथे कुऱ्हाड चालत नाही. चिउजुंग नदीच्या वरच्या अंगाचं पाणी या रानातून येतं. 2023 मध्ये आतल्या वाड्यांच्या वतीने त्यांच्या भागातला इंटरनेट सिग्नल बंद करण्याची मागणी जिल्हा प्रशासनाकडे गेली. बाहेरच्या वाड्यांतली तरुण मुलं मात्र तेव्हा त्याच सिग्नलवर मध आणि कापड विकत होती. हा ताण खरा आहे, आणि तो हळूहळू वाढणार असं मला दिसतं. कुंपणालाच पोट असतं, त्याचं काय करायचं हे कुठल्या वचनात लिहिलेलं नाही.

वर्षातून एकदा, ‘कावालू’चे, म्हणजे व्रताचे, तीन महिने संपले की ‘सेबा’ असते. कावालूच्या काळात आतल्या वाड्या पाहुण्यांना बंद असतात. सेबाला बादुई आपल्या शेतातलं पीक घेऊन जिल्हाप्रमुखाला आणि प्रांताच्या राज्यपालाला भेटायला जातात, आणि रान नीट राखा असं सांगून येतात. बाहेरचे ट्रकमधून येतात. आतले आदल्या दिवशीच निघालेले असतात, अनवाणी, एकामागे एक, डांबरी रस्त्याच्या कडेने. रांगकासबितुंगला पोचल्यावर दोघेही जमिनीवर मांडी घालून बसतात, पांढरी डोकी आणि निळी डोकी शेजारी शेजारी.