लॉ सीईटी पुन्हा द्यावी की याच वर्षी प्रवेश घ्यावा? पात्रता, कॅप आणि कागदपत्रे

निकालात अपेक्षेपेक्षा कमी आकडा दिसला की आपल्याकडे घरोघरी एकच सूर निघतो: यंदा राहू दे, पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा दे. विदर्भातले दारव्हा गाव असो, आर्वी असो की मूल, सल्ला तोच. माझी कळकळीची विनंती आहे की कॅपची, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेची, नोंदणी केल्याशिवाय हा निर्णय घेऊ नका. लॉची सीईटी, म्हणजे कायद्याच्या पदवीसाठीची राज्याची प्रवेश परीक्षा, वर्षातून एकदाच होते आणि तिचे गुण त्याच वर्षीच्या प्रवेशापुरते चालतात. त्यामुळे पुन्हा परीक्षा म्हणजे पूर्ण एक वर्ष. उलट यंदा कॅपमध्ये नाव घातल्याने पुढच्या वर्षीची परीक्षा बंद होत नाही. किती वेळा परीक्षा द्यावी याला मर्यादा नाही, वयाची अटही नाही.

गावाकडच्या मुलांचे प्रवेश मी जवळून पाहतो. त्यात मार्कांपायी अडलेल्यांपेक्षा कागदापायी अडलेली मुले जास्त दिसतात, आणि त्यातल्या कित्येकांना वाटत असते की आपण मार्कांतच कमी पडलो.

पात्रता: पुन्हा द्यायची परीक्षा सीईटीच आहे का?

पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला बारावी उत्तीर्ण लागते, तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला पदवी. दोन्हीकडे गुणांची अट सारखीच आहे: खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के, ओबीसी, विशेष मागास प्रवर्ग आणि भटक्या-विमुक्तांना ४२ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के. ही अट भरत नसेल तर सीईटीत कितीही गुण मिळवा, प्रवेश होत नाही. बारावीला खुल्या प्रवर्गातून ४३ टक्के पडलेल्या मुलाने सीईटीची पुस्तके आणण्याआधी राज्य मंडळाच्या श्रेणीसुधार योजनेचा फॉर्म भरावा. त्याला पुन्हा द्यायची परीक्षा बारावीची आहे.

दुसरी गोष्ट मुक्त विद्यापीठाची. आपल्याकडे शेतीत किंवा कामात अडकून दहावीनंतर शाळा सुटलेले अनेकजण पूर्वतयारी परीक्षा देऊन, बारावी न करता थेट मुक्त विद्यापीठातून बीए होतात. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांनुसार दहावी-बारावीचा पाया नसलेली अशी पदवी लॉच्या प्रवेशाला चालत नाही. रीतसर बारावी करून मग मुक्त विद्यापीठातून पदवी घेतली असेल, तर अडचण नाही. पण बारावी नसलेल्याचाही सीईटीचा अर्ज संगणक स्वीकारतो, फी कापली जाते, परीक्षाही होते आणि कागद तपासणीच्या वेळी माणूस बाहेर पडतो. नोकरी सांभाळून पैसे साठवलेल्या माणसावर ही वेळ आलेली पाहवत नाही. म्हणून हे आधीच तपासा.

गुण वाढतील का, हे कसे ओळखायचे

पेपर १२० प्रश्नांचा, १२० गुणांचा, वेळ दोन तास. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. प्रश्न इंग्रजी आणि मराठी दोन्ही भाषांत येतात, इंग्रजीचा विभाग तेवढा सोडून. पाच वर्षांच्या पेपरात कायद्याची समज ३२, सामान्यज्ञान २४, तर्क ३२, इंग्रजी २४ आणि साधे गणित ८ गुणांना असते. तीन वर्षांच्या पेपरात गणित नसते. तिथे कायदा २४, सामान्यज्ञान ३२, तर्क २४ आणि इंग्रजी थेट ४०.

निकालाकडे या विभागणीतून बघा. वेळ संपला म्हणून शेवटचे पंधरा-वीस प्रश्न कोरे सुटले असतील, तर पुढच्या वर्षी गुण नक्की वाढतील, कारण गुण कापतच नाहीत तिथे कोरे सोडणे हे निव्वळ नुकसान. कायद्याचा आणि तर्काचा भागही चार-सहा महिन्यांच्या सरावात बराच सुधारतो. या विभागांत मार खाल्ला असेल तर पुन्हा परीक्षा देण्यात अर्थ आहे.

इंग्रजीचे तसे नाही. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला तीन वर्षांच्या पेपरातले ४० गुण, म्हणजे पेपराचा तिसरा हिस्सा, एका वर्षात घरी बसून भरून काढणे जड जाते. रोज वाचायची शिस्त असेल तर जमते. पण सोयाबीन काढणीला आणि कापूस वेचणीला घरचे हात म्हणून तुम्हालाच शेतात जावे लागणार असेल, तर वर्षभर अभ्यासच करीन हा हिशेब कागदावरच राहतो. हे घरच्यांशी मोकळेपणी बोला. अभ्यासाचे तास कुठून येणार हे ठरले नसेल, तर थांबण्याचा निर्णय अर्धवटच आहे.

वर्षाची किंमतही मोजा. न्यायाधीश व्हायचे स्वप्न असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या २० मे २०२५ च्या निकालानंतर दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तराच्या परीक्षेसाठी किमान तीन वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची झाली आहे. आज थांबलेले वर्ष तिथपर्यंत पुढे सरकते.

बारावीवाल्यांना एक मधला रस्ता आहे आणि तो कमीपणाचा मुळीच नाही. पाच वर्षांना मनासारखे कॉलेज मिळाले नाही तर तालुक्याच्या कॉलेजात बीए किंवा बीकॉम करा आणि शेवटच्या वर्षाला असताना तीन वर्षांची सीईटी द्या. वर्ष वाया जात नाही, पदवी हातात राहते. पाच वर्षांचा कोर्स मध्येच सोडला तर नुसती बीए मिळत नाही, हेही लक्षात असू द्या.

कॅप: आकडा कमी की जागा कमी, ते इथे कळते

सीईटी दिली म्हणजे प्रवेशाचा अर्ज झाला असे समजून घरी बसणारी मुले दरवर्षी भेटतात. सीईटीचा अर्ज वेगळा, कॅपचा वेगळा. राज्य सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर कॅपची नोंदणी करायची, कागद चढवायचे, त्यांची ऑनलाइन तपासणी होते. त्रुटी निघाली तर लॉगिनमध्ये कळवतात आणि ती ठरलेल्या मुदतीतच दुरुस्त करावी लागते. फॉर्म सेतूवाल्याकडून भरून घेतला तरी मोबाइल नंबर आणि पासवर्ड स्वतःचा ठेवा. दुसऱ्याच्या नंबरवर गेलेल्या त्रुटीच्या निरोपापायी जागा जाते. त्यानंतर गुणवत्ता यादी, मग कॉलेजांचा पसंतीक्रम, मग फेरीनिहाय जागावाटप.

मागच्या वर्षीचे कट-ऑफ फेरीनिहाय आणि प्रवर्गनिहाय प्रसिद्ध होतात. ते बघताना मुंबई-पुण्याची नामांकित कॉलेजे बाजूला ठेवा. नागपूरचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर विधि महाविद्यालय, अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख विधि महाविद्यालय, यवतमाळचे अमोलकचंद, अकोला लॉ कॉलेज, चंद्रपूरचे शांताराम पोटदुखे विधी महाविद्यालय, यांपैकी एसटीने किंवा खोली करून तुम्हाला झेपेल अशा कॉलेजांचे तुमच्या प्रवर्गाचे शेवटच्या फेरीतले आकडे काढा. तुमचा पर्सेंटाइल (तुमच्याइतके किंवा कमी गुण पडलेल्यांची टक्केवारी) त्यांच्या आसपास असेल तर पुन्हा परीक्षेचा विचार सोडून द्या, असे मी स्पष्टच सांगेन. लॉला ७० टक्के हजेरीची अट आहे. रोज जाता येईल असे जिल्ह्याचे कॉलेज हे दूरच्या मोठ्या नावापेक्षा हिताचे ठरते.

पसंतीक्रम विचार करून लावा. पहिल्याच पसंतीचे कॉलेज वाट्याला आले की पुढच्या फेरीत बदल मागता येत नाही. आणि कॅप चुकवून नंतर थेट संस्थेतून जागा घेऊ, असा विचार करू नका. शिष्यवृत्ती आणि फी सवलतीच्या योजना कॅपमधून झालेल्या प्रवेशाला धरून आहेत. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि ओबीसी कुटुंबांतल्या, ज्यांचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत आहे अशा मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले आहे. मुलीच्या फीसाठी यंदा पैसा नाही म्हणून थांबू, असे म्हणणाऱ्या बापाला हे कोणीतरी सांगायलाच हवे.

कागद

दहावी-बारावीच्या (आणि लागू असेल तर पदवीच्या) गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, फोटो, सही: हे सगळ्यांकडे असते. दाखल्यावरचे नाव आणि गुणपत्रिकेवरचे नाव एक आहे का, तेवढे बघा. राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला आणि आर्थिक दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र तहसीलमधून मिळते. जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेयर उपविभागीय अधिकाऱ्याकडून. नॉन-क्रिमीलेयर प्रवेशाच्या शैक्षणिक वर्षातल्या ३१ मार्चपर्यंत चालणारे हवे. यंदाच्या मार्चमध्ये संपलेले घेऊन गेलात तर तपासणीत परत येते.

खरी अडचण जात वैधतेची, म्हणजे जातीचा दाखला समितीने तपासून खरा ठरवल्याच्या प्रमाणपत्राची. वैधता नसेल तर उमेदवार खुल्या प्रवर्गात धरला जातो. मग राखीव जागा तर जातेच, ४२ किंवा ४० टक्क्यांवर पात्र ठरलेला मुलगा ४५ च्या अटीत बसत नाही म्हणून थेट अपात्रही होतो. काही वर्षी शासनाने अर्जाच्या पावतीवर तात्पुरती मुभा दिली, पण तिच्या भरवशावर राहू नका.

वैधतेसाठी अनुसूचित जाती, ओबीसी, विशेष मागास प्रवर्ग आणि भटके-विमुक्त यांनी जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे अर्ज करायचा. आदिवासींसाठी समित्या वेगळ्या आहेत, नागपूर, अमरावती आणि गडचिरोलीला त्या आहेत. अर्ज ऑनलाइन, सोबत कॉलेजचे पत्र, वंशावळीचे शपथपत्र आणि जुना पुरावा. जुना म्हणजे किती जुना? अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५०, जमातीला ६ सप्टेंबर १९५०, भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा.

हा पुरावा कुठे सापडतो ते नीट ऐका. आजोबा-पणजोबा ज्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले तिथला दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा सर्वांत आधी मागा. शाळेत गेलेच नसतील तर तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद शोधा. पूर्व विदर्भात अधिकार अभिलेखात, म्हणजे जमिनीच्या हक्कांच्या जुन्या नोंदीतही, जात लिहिलेली सापडते. नोंद मोडी लिपीत असेल तर तिचे लिप्यंतर करून घ्यावे लागते. आणि काका, आत्या, चुलतभाऊ यांच्यापैकी कोणाची वैधता आधी झाली असेल तर ती सोबत जोडाच. वडिलांकडच्या रक्ताच्या नातेवाइकाची वैधता महत्त्वाचा पुरावा असल्याचे मुंबई उच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केले आहे. भावकीत बोलणे बंद असेल तरी या एका कागदासाठी जा. मुलाच्या भवितव्याचा प्रश्न आहे.

तरीही थांबायचे ठरले तर

वैधतेचा अर्ज त्याच महिन्यात टाका, सीईटीचा नवा फॉर्म निघण्याची वाट पाहू नका. पाच वर्षांसाठी थांबणाऱ्याने डिसेंबरमधल्या क्लॅटचाही, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या सामाईक प्रवेश परीक्षेचाही, विचार करावा. नागपूरजवळ वारंग्याला असलेल्या महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठाचा प्रवेश क्लॅटवर होतो. पेपर फक्त इंग्रजीत असतो आणि प्रत्येक चुकीला पाव गुण कापला जातो, पण एप्रिल-मेच्या सीईटीआधी त्याचा सराव वाया जात नाही.

खंड पडलेल्या वर्षासाठी पुढच्या प्रवेशाला आणि शिष्यवृत्तीच्या अर्जाला शपथपत्र लागते. त्या काळात दुसऱ्या कोणत्याही नियमित अभ्यासक्रमाला नाव टाकलेले नव्हते, असे त्यात लिहावे. नाव टाकले असेल तर खरे तेच लिहा आणि तिथला दाखला काढून घ्या. नॉन-क्रिमीलेयर आणि उत्पन्नाच्या दाखल्याचा नवा अर्ज एप्रिल लागताच टाका. निकालानंतर सेतूवर गर्दी झाली की सही व्हायला वेळ लागतो, आणि कॅपची मुदत कोणासाठी थांबत नाही.