गॅरेजमध्ये गेला की बरा होणारा ब्रेक

घरून निघताना मोटारसायकल ठणठणीत. सिग्नलच्या गर्दीतून ८-१० किलोमीटर गेलं की गाडी जड वाटायला लागायची, रेस जास्त द्यावी लागायची आणि पुढच्या ब्रेकचा लिव्हर दगडासारखा कडक व्हायचा. शेवटी चाक जाम. अर्धा तास सावलीत उभी केली की पुन्हा काही झालंच नाही असं. गॅरेजपर्यंत पोचेस्तोवर डिस्क (चाकासोबत फिरणारी ब्रेकची चकती) गार, चाक मोकळं, आणि मेकॅनिक माझ्याकडेच संशयाने बघणार.

एकाने पॅड बदलले. दुसऱ्याने कॅलिपर, म्हणजे चाकाजवळचा पॅड डिस्कवर दाबणारा भाग, खोलून पिस्टन साफ केला. चार दिवसांनी परत तेच.

खूण खरं तर हातातच होती. तापल्यावर लिव्हर कडक होत होता. घाट उतरताना ब्रेक दगा देतो तो प्रकार नेमका उलटा असतो. ब्रेक ऑइल हवेतलं बाष्प शोषून घेतं. नव्या डॉट ४ दर्जाच्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. पाणी मुरल्यावर तो १५५ पर्यंत उतरलेला चालतो. जुनं ऑइल कॅलिपरमध्ये उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते आणि लिव्हर पोकळ लागतो. माझ्याकडे दाब जात नव्हता, उलट अडकून पडत होता.

कुठे, ते समजायला हँडलवरचा मास्टर सिलिंडर बघावा लागतो. लिव्हर दाबला की हाच ऑइल पाइपातून खाली कॅलिपरकडे ढकलतो. त्यात ऑइलच्या डबीकडे जाणारं एक अगदी बारीक भोक असतं, टाचणी जेमतेम जाईल एवढं. लिव्हर सोडलेला असताना ते उघडं असतं. दाबायला लागलं की आतल्या पिस्टनचा रबरी वॉशर त्याच्यावरून पुढे सरकतो, वाट बंद होते आणि मगच दाब तयार होतो. हे भोक तापलेल्या ऑइलसाठीही असतं. ऑइल ५० अंशांनी तापलं तर ढोबळमानाने ४ टक्के फुगतं. ते थोडंसं ऑइल भोकातून डबीत परत गेलं तर प्रश्न नाही. वाट बंद असेल तर मात्र ते कॅलिपरचा पिस्टन ढकलतं. पॅड डिस्कला घासतात, उष्णता वाढते, ऑइल आणखी फुगतं. हे चक्र चाक धरेपर्यंत थांबत नाही. गार झालं की ऑइल आक्रसतं आणि पुरावा नाहीसा होतो.

म्हणून तपासायचं ते गाडी जाम असतानाच. आणि क्रम महत्त्वाचा. बहुतेक जण आधी कॅलिपरचं एअर काढायचं निपल सैल करतात. चाक सुटतं, सगळे खूश. पण त्याने एवढंच कळतं की दाब अडकला होता. कुठे, ते सांगणारा दाबच निघून गेलेला असतो. सुरुवात वरून करावी. आधी लिव्हरचा बोल्ट काढून लिव्हर बाजूला घ्यायचा. चाक सुटलं तर दोष लिव्हरमध्ये. नाही सुटलं तर मास्टर सिलिंडरवरचा पाइपचा जोड सैल करायचा. आता सुटलं तर भोक कचऱ्याने बुजलंय किंवा मास्टर सिलिंडरचा पिस्टन मागे येत नाही. तरीही नाही, पण खाली निपल उघडल्यावर सुटलं, तर पाइप आतून फुगलाय. निपल उघडूनही चाक हलत नसेल तर कॅलिपरचा पिस्टन किंवा कॅलिपर ज्यावर सरकतो ती पिन गंजून अडकलीय. (डोळे सांभाळा, ऑइल पिचकारीसारखं उडतं आणि रंगही खातं.)

मी लिव्हर काढला आणि चाक लगेच सुटलं.

मग आठवलं. पावसात गाडी घसरली होती, लिव्हर वाकला होता, आणि मी बाजारातून स्वस्तातला दुसरा बसवला होता. त्याचं पिस्टनला टेकणारं टोक मूळ लिव्हरपेक्षा किंचित पुढे होतं. फरक केसाएवढा, पण तेवढ्याने पिस्टन कायम थोडा दाबलेला राहायचा आणि भोक झाकलेलं. लिव्हर दाबायला सुरुवात केली की जी जराशी ढिलाई हाताला लागते, ती माझ्या गाडीत नव्हतीच. मला वाटायचं, वा, काय टाइट ब्रेक झालाय!

मूळ मापाचा लिव्हर बसवला. तापून तापून काळं पडलेलं ऑइलही बदललं. बदललेले पॅड आणि साफ केलेला पिस्टन मात्र फुकट गेले.