मुंबईचे हवाप्रदूषण

मुंबईचे हवाप्रदूषण : बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीतील व तिला लागून असलेल्या ठाणे, नवी मुंबई, पनवेल या पट्ट्यातील मोकळ्या हवेत मिसळणारे धूर, वायू आणि धूलिकण, त्यांचे उगम आणि त्यांवरील उपाय यांचा विचार या नोंदीत केला आहे. घरातील चुलीचा धूर व कारखान्यातील कामगारांचे व्यवसायजन्य विकार येथे घेतलेले नाहीत.

समुद्राचा वारा शहराची हवा धुऊन काढतो, ही मुंबईकरांची जुनी समजूत. ती अर्धी खरी आहे. जून ते सप्टेंबर या काळात नैर्ऋत्य वारे आणि पाऊस यांमुळे हवा खरोखरच स्वच्छ राहते. उरलेल्या वर्षात दिवसा समुद्राकडून खारे वारे आणि रात्री जमिनीकडून मतलई वारे वाहतात. हिवाळ्यात खारा वारा उशिरा सुटतो, त्याचा जोर कमी असतो आणि रात्री जमिनीलगतची थंड हवा वरच्या उबदार थराखाली अडकते. शिवाय मतलईने समुद्रावर नेलेला धूर दुसऱ्या दिवशी खाऱ्या वाऱ्याबरोबर काही प्रमाणात परत येतो. त्यामुळे ऑक्टोबर ते फेब्रुवारी हाच येथील प्रदूषणाचा मुख्य हंगाम आहे आणि पहाटेपासून सकाळपर्यंतची हवा सहसा सर्वांत वाईट असते.

इतिहास : प्रदूषणाचा प्रारंभ कापड गिरण्यांपासून धरण्याचा प्रघात आहे. कावसजी दावर यांच्या ताडदेव येथील पहिल्या गिरणीची स्थापना बहुतेक ग्रंथकार १८५४ ची मानतात. उत्पादन मात्र १८५६ मध्ये सुरू झाले, म्हणून काही ठिकाणी तेच वर्ष दिलेले आढळते. प्रदूषणाच्या दृष्टीने दुसरे वर्ष अधिक ग्राह्य आहे, कारण बॉयलर पेटल्याशिवाय चिमणीतून धूर निघत नाही. पुढील पन्नास वर्षांत भायखळा, परळ, लालबाग, वरळी या भागांत चिमण्यांची दाटी झाली. १९१२ मध्ये मुंबई इलाख्यात धूर-उपद्रवविषयक कायदा झाला. बंगालमध्ये असा कायदा १९०५ मध्येच झाला होता. या कायद्यांचा रोख दिसणाऱ्या काळ्या धुरावर होता. न दिसणारे वायू त्यांच्या कक्षेत नव्हते.

गिरणगावातील धूर पुढे कमी झाला याचे श्रेय या कायद्याला देण्याची रीत आहे, पण विजेचा वाटा त्याहून मोठा असावा. टाटांच्या खोपोली येथील जलविद्युत केंद्रातून १९१५ पासून मुंबईला वीज मिळू लागली व गिरण्या टप्प्याटप्प्याने कोळशावरून विजेवर गेल्या. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला ही देशातील पहिली विजेची गाडी धावली आणि उपनगरी मार्गांवरील वाफेची इंजिने हळूहळू हटली. हे दोन्ही बदल प्रदूषण रोखण्यासाठी केलेले नव्हते. तरीही त्यांच्याइतका परिणाम पुढे फार थोड्या उपायांनी साधला.

दुसरा टप्पा चेंबूर-तुर्भे (ट्रॉम्बे) पट्ट्याचा. १९५४ व १९५५ मध्ये येथे दोन तेलशुद्धीकरण कारखाने, १९५६ मध्ये टाटांचे औष्णिक वीजकेंद्र आणि १९६० च्या दशकात खत कारखाना उभा राहिला. गंधकयुक्त इंधनामुळे सल्फर डायऑक्साइड हा त्या काळातील प्रमुख प्रदूषक ठरला. चेंबूरला ‘गॅस चेंबर’ म्हणण्याची पद्धत याच काळातली. के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. एस. आर. कामत व सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात लालबाग, चेंबूर व खार येथील रहिवाशांची ग्रामीण भागातील लोकांशी तुलना करून श्वसनविकारांची पाहणी केली. मुंबईच्या हवेचा आरोग्याशी पद्धतशीर संबंध जोडणारे हे आरंभीचे महत्त्वाचे काम होय. पुढे कमी गंधकाचे इंधन, नैसर्गिक वायू आणि तुर्भे केंद्रात समुद्राच्या पाण्याने धूर धुण्याची यंत्रणा यांमुळे हा वायू आटोक्यात आला. आज मुंबईतील सल्फर डायऑक्साइड राष्ट्रीय मानकाच्या बराच खाली असतो.

जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या गिरणी संपानंतर बहुतेक गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. धुराचा तो उगम संपला. पण त्याच जमिनींवर पाडकाम, खोदाई आणि उंच इमारतींची बांधकामे सुरू झाली. तिसऱ्या, म्हणजे चालू टप्प्याची ओळख धूर नसून धूळ आहे.

धूलिकण व त्यांचे उगम : १० मायक्रोमीटरपेक्षा लहान कणांना पीएम १० आणि २.५ मायक्रोमीटरपेक्षा लहान कणांना पीएम २.५ म्हणतात. पहिल्या गटात माती, सिमेंट व रस्त्यावरील धूळ अधिक असते. दुसऱ्यात ज्वलनातून निघालेली काजळी आणि हवेतच तयार झालेले सल्फेट व नायट्रेट यांचे प्रमाण वाढते. उगमांची टक्केवारी देणारे जे आकडे वृत्तपत्रांतून येतात, त्यांत या दोन गटांची सरमिसळ असते; त्यामुळे एका वर्षी वाहने तर दुसऱ्या वर्षी बांधकामे पहिल्या क्रमांकावर दिसतात.

मतभेदाचे मूळ मात्र अधिक खोल, मोजणीच्या पद्धतीतच आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने दिल्ली, मुंबई, पुणे, बंगळूर, चेन्नई व कानपूर या सहा शहरांचा अभ्यास करविला. त्यातील मुंबईचे काम नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेकडे होते. अशा अभ्यासांत दोन मार्ग वापरतात. पहिला उत्सर्जन-सूचीचा. वाहनांची संख्या, त्यांनी कापलेले अंतर आणि दर किलोमीटरमागे बाहेर पडणारे कण यांचा गुणाकार करायचा. भट्ट्या, वीजकेंद्रे, कचरा यांचाही तसाच हिशेब मांडायचा. रस्त्यावरील धुळीसाठी प्रत्येक चौरस मीटरवर साचलेली बारीक माती आणि वाहनांचे सरासरी वजन ही दोन मापे सूत्रात घालतात. माती झाडून, ब्रशने गोळा करून, चाळून तोलावी लागते. ती पावसाळ्यानंतर लगेच तोलली की उत्तर एक येते आणि जवळ मेट्रोचे खोदकाम चालू असताना तोलली की दुसरे. भरलेला डंपर मोटारीच्या कित्येक पट धूळ उडवतो, म्हणून त्या रस्त्यावर डंपर किती धरले यावरही निष्कर्ष हलतो.

दुसरा मार्ग ग्राहक-प्रतिमानाचा; ग्राहक म्हणजे कण जेथे येऊन पोहोचतात ते ठिकाण. यात हवा गाळणपट्टीतून ओढून पट्टीवर बसलेल्या कणांचे रासायनिक पृथक्करण करतात आणि मूलद्रव्यांवरून उगम ओळखतात. सिलिकॉन व ॲल्युमिनियम मातीचे, कॅल्शियम सिमेंटचे, व्हॅनेडियम व निकेल जड इंधन तेलाचे, पोटॅशियम लाकडाच्या धुराचे निदर्शक मानतात. मुंबईत येथेच अडचण येते. सोडियम व क्लोराइड समुद्राच्या तुषारांतून येतात, पण क्लोराइड कचरा जाळल्यानेही येते. रस्त्यावरची धूळ, पाडकामाचा राडारोडा आणि उघडी जमीन यांची रासायनिक ओळख इतकी जुळते की गणिताने त्यांना वेगळे करणे कठीण जाते. सल्फेटचा कण ज्या वायूपासून बनला, तो कित्येक तास आधी आणि कित्येक किलोमीटर दूर बाहेर पडलेला असू शकतो. मग तो कोणाच्या खाती लिहायचा? धुळीपुरता सूचीचा मार्ग स्थानिक प्रशासनाला अधिक उपयोगी दिसतो, तर पीएम २.५ साठी गाळणपट्टीच्या पुराव्याला पर्याय नाही. केवळ एका पद्धतीवर आधारलेली टक्केवारी सावधपणेच घ्यावी.

२०२२-२३ च्या हिवाळ्याचा वाद : या हिवाळ्यात मुंबईची हवा काही दिवस दिल्लीपेक्षा वाईट नोंदली गेली आणि प्रश्न ऐरणीवर आला. एका मताप्रमाणे कारण हवामानाचे होते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील ‘सफर’ या हवेची गुणवत्ता मोजण्याच्या व तिचा अंदाज देण्याच्या प्रकल्पाचे संस्थापक गुफरान बेग व सहकाऱ्यांनी सलग तीन वर्षे टिकलेल्या ला निना स्थितीकडे, म्हणजे प्रशांत महासागराचे पाणी नेहमीपेक्षा थंड राहण्याकडे, बोट दाखवले. एरवी तीन-चार दिवसांनी समुद्राकडून जोराचे वारे वाहू लागतात व साचलेले कण निघून जातात. त्या हिवाळ्यात हा फेरा लांबला. त्याच मोसमात उत्तरेकडील काही शहरांची हवा सुधारली आणि द्वीपकल्पातील शहरांची बिघडली, हा या मताचा मुख्य आधार होय. दुसऱ्या मताप्रमाणे करोनाकाळात थांबलेली बांधकामे, मेट्रो, किनारी रस्ता व रस्त्यांचे काँक्रीटीकरण ही सर्व एकाच वेळी सुरू झाल्याने धुळीचा भार वाढला. दोन्ही मते प्रतिस्पर्धी असल्यासारखी मांडली जातात, पण तसे मानण्याचे कारण नाही. कोणता दिवस वाईट ठरेल हे वारा ठरवतो आणि तो किती वाईट ठरेल हे हवेत सोडलेल्या मालावर अवलंबून असते. प्रशासनाच्या हातात यांपैकी दुसरीच गोष्ट आहे.

निर्देशांक : २०१५ पासून देशात वापरात असलेल्या हवा गुणवत्ता निर्देशांकासाठी आठ प्रदूषकांचा विचार होतो. किमान तिघांची मोजणी आवश्यक असते व त्यांत पीएम १० किंवा पीएम २.५ यांपैकी एक असावेच लागते. प्रत्येक प्रदूषकाचा वेगळा उपनिर्देशांक काढतात, पण त्यांची सरासरी काढत नाहीत. सर्वांत वाईट आकडा हाच त्या केंद्राचा निर्देशांक. पीएम २.५ चे २४ तासांचे प्रमाण घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम असेल तर निर्देशांक १००, ९० असेल तर २०० आणि १२० असेल तर ३०० येतो. म्हणजे शून्यापासून १०० पर्यंत जाण्यास ६० मायक्रोग्रॅम लागतात, पण पुढच्या दोन शंभरांसाठी प्रत्येकी ३० पुरतात; १२० नंतर मात्र पट्टी पुन्हा सैल होते व ४०० गाठण्यास २५० लागतात. निर्देशांक एका रात्रीत दुप्पट झाला, याचा अर्थ हवेतील कण दुप्पट झाले असा नव्हे. २००९ च्या राष्ट्रीय मानकाप्रमाणे पीएम २.५ ची वार्षिक मर्यादा ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती ५ सुचवली. सागरी क्षारांचा व नैसर्गिक धुळीचा वाटा पाहता मुंबईत ५ हे उद्दिष्ट नजीकच्या काळात गाठता येण्याजोगे वाटत नाही.

कायदा व उपाय : हवा (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम १९८१ मध्ये झाला. महाराष्ट्रात तो १९८३ पासून आधी काही भागांना व १९९६ मध्ये संपूर्ण राज्याला लागू करण्यात आला. अंमलबजावणी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आहे. प्रत्यक्षात मुंबईतील मोठे बदल बहुधा उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर घडले. चेंबूरमधील रहिवाशांच्या पुढाकाराने १९९९ मध्ये वाहनांच्या धुराविरुद्ध दाखल झालेल्या याचिकेतून व्ही. एम. लाल समिती नेमली गेली आणि जुन्या टॅक्सी सीएनजीवर आणण्याचा निर्णय झाला. महानगर गॅसच्या वाहिन्या आधीपासून शहरात पसरू लागल्या असल्याने तो अमलात येऊ शकला. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकांमुळे वाहनांच्या इंधनातील गंधक दहा लाख भागांत १० भागांपर्यंत खाली आले. वाहनांचा धूर कमी झाला, पण चाकांखालून उडणारी धूळ कोणत्याही मानकात बसत नाही. विजेवरची बसही ती उडवतेच.

देवनारची कचराभूमी १९२७ पासून वापरात आहे. जानेवारी २०१६ मध्ये तेथे लागलेल्या आगीचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांतही दिसला. कचऱ्याची विल्हेवाट लावण्यात पालिका अपुरी पडत असल्याने त्या वर्षी उच्च न्यायालयाने नव्या बांधकामांना परवानगी देण्यावर बंदी घातली. ती सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सशर्त शिथिल केली. माहुल येथे प्रश्न धुळीचा नाही, तेलकारखाने व रसायनांच्या साठवण टाक्यांतून निसटणाऱ्या बाष्पनशील (सहज वाफ होणाऱ्या) सेंद्रिय संयुगांचा आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये तेथील हवा रहिवाशांच्या आरोग्यास धोकादायक ठरवली. तरीही तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्यांतील कुटुंबांचे तेथेच पुनर्वसन चालू राहिले. २०१९ मध्ये त्यांच्यावर तेथे जाण्याची सक्ती करता येणार नाही, अशी भूमिका उच्च न्यायालयाने घेतली.

जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात पुढे महाराष्ट्रातील एकूण १९ शहरे आली. मुंबई त्यांपैकी एक. ऑक्टोबर २०२३ मध्ये महापालिकेने बांधकामांसाठी नियमावली काढली. एक एकरापेक्षा मोठ्या आवाराला ३५ फूट व लहान आवाराला २५ फूट उंच पत्रे, इमारतीला ओले हिरवे कापड किंवा तागाचे आच्छादन, पाण्याचे फवारे आणि फाटकाशी चाके धुण्याची सोय या तिच्या ठळक अटी. यांतली चाकांची अट सर्वांत गुणकारी आणि सर्वांत दुर्लक्षित. चिखल लागलेला डंपर न धुता बाहेर पडला की त्याच्या टायरांचा माग पुढच्या सिग्नलपर्यंत उमटतो, उन्हाने वाळतो आणि मागून येणारी प्रत्येक गाडी तो उडवत राहते. रस्ते धुणारे टँकर व हवेत पाण्याचे बारीक तुषार उडवणाऱ्या धुके-तोफा हे त्यामानाने वरवरचे उपाय होत. ३० डिसेंबर २०२४ रोजी भायखळा व बोरिवली पूर्व येथील सर्व बांधकामे थांबवण्याचा आदेश निघाला. पुढे तो मागे घेण्यात आला.

जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने लाकूड व कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्या सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर आणण्यास सांगितले. मुंबईचा पाव पूर्वापार लाकडी भट्टीत भाजला जातो. जळणात मोडक्या फर्निचरचे व पेट्यांचे लाकूड सर्रास असते, कारण ते स्वस्त मिळते. त्यावरील रंग व वार्निश जळून निघणारा धूर साध्या सरपणापेक्षा घातक असतो. भट्टी विटांची, पिढ्यान्‌पिढ्या तापत आलेली. ती मोडून वायूची बसवायची तर खर्च, जागा आणि जुन्या चाळींच्या गल्लीत वाहिनी आणणे या तिन्ही अडचणी मालकांनी पुढे केल्या. पावाची चव बदलेल, हा आक्षेपही त्यांनी घेतला.