शातो दिकेम

शातो दिकेम हा फ्रान्सच्या बोर्दो परिसरातील सोतेर्न भागातला ऐतिहासिक द्राक्षमळा व वाईन-निर्मितीचे ठिकाण आहे. येथील गोड पांढरी वाईन जगप्रसिद्ध आहे. १८५५ साली बोर्दोच्या वाईनची अधिकृत प्रतवारी झाली, तेव्हा सोतेर्नच्या गोड वाईनमध्ये सर्वांहून वरचा, ‘प्रमिए क्रू सुपेरिअर’ हा दर्जा एकट्या दिकेमला मिळाला.

मळा टेकडीवर असून लागवडीखाली सुमारे १०० हेक्टर जमीन आहे. वर खडीची माती आणि खाली चिकणमाती अशी तिची घडण. चिकणमातीत पाणी तुंबते, म्हणून एकोणिसाव्या शतकापासून जमिनीखाली निचऱ्याच्या नळ्या घालत गेले; त्यांची एकूण लांबी सुमारे १०० किमी भरते. वेली मुख्यतः सेमिलों जातीच्या, उरलेल्या सोव्हिन्यों ब्लांच्या.

दिकेमच्या वाईनचा खरा आधार मात्र बोट्रायटिस सिनेरिया ही बुरशी आहे. सिरों नदीचे थंड पाणी गारोन नदीच्या उबदार पाण्याला मिळते आणि शरद ऋतूतील पहाटे या भागावर धुके पसरते. त्या ओलाव्यात पिकलेल्या मण्यांवर बुरशी धरते. दुपारच्या उन्हाने व वाऱ्याने घड पुन्हा कोरडे होतात. बुरशीने सालीला सूक्ष्म छिद्रे पाडलेली असतात, त्यांतून मण्यातले पाणी उडून जाते आणि साखर, आम्ल व सुगंध दाटतात. मणी तपकिरी होऊन सुरकुततात. पाऊस लागून राहिला, तर हीच बुरशी घड सडवते आणि पीक हातचे जाते. महाराष्ट्रातले द्राक्ष निर्यातदार ज्या कुजीच्या भीतीने पेट्यांत सल्फर डायऑक्साइड सोडणारे पॅड ठेवतात, ती याच बुरशीची. सोतेर्नचे बागायतदार तिची वाट पाहतात.

बुरशी सगळ्या घडांवर एकाच वेळी धरत नाही. त्यामुळे एकदा तोडणी करून भागत नाही. अनुभवी मजूर त्याच ओळींतून पुन्हा पुन्हा फिरतात आणि दर वेळी नेमकी स्थिती आलेला घड, कधी घडाचा तुकडा, तर कधी सुटे मणीच काढतात. पाच-सहा फेऱ्या नेहमीच्याच. हवामान लहरी असेल, तर तोडणी अनेक आठवडे लांबते. एवढ्या खटाटोपानंतर एका वेलीमागे वाईन मिळते जेमतेम पेलाभर.

मणी एकाहून अधिक वेळा दाबून रस काढतात. सुरकुतलेल्या मण्यांतला सर्वांत दाट आणि गोड रस शेवटच्या दाबांत उतरतो. तो ओकच्या नव्या पिंपांत आंबवतात. साखर इतकी असते, की अल्कोहोल १४ टक्क्यांच्या आसपास पोचल्यावर यीस्टचे काम थांबते आणि बरीच साखर वाईनमध्ये शिल्लक राहते. त्यानंतर वाईन पिंपांत मुरते. पूर्वी हा काळ तीन वर्षांहून अधिक असे, आता तो कमी केला आहे. अपेक्षेला न उतरलेली पिंपे दिकेमच्या नावाने विकली जात नाहीत.

मळ्याचा ताबा १५९३ मध्ये सोव्हाज घराण्याकडे आला. १७८५ मध्ये फ्रांस्वाज-जोसेफीन द सोव्हाज दिकेम यांचा विवाह ल्यूर-सालूस घराण्यात झाला. १७८७ मध्ये पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले टॉमस जेफरसन यांनी येथून १७८४ च्या हंगामाच्या २५० बाटल्या मागवल्या. पुढच्याच वर्षी जोसेफीन विधवा झाल्या. फ्रेंच राज्यक्रांतीत त्यांना तुरुंगवास घडला, तरी मळा त्यांनी हातातून जाऊ दिला नाही. १८५१ मध्ये निधन होईपर्यंत कारभार त्यांनीच पाहिला आणि १८२६ मध्ये नवे तळघर बांधले. दिकेमच्या लौकिकाचे श्रेय सर्वप्रथम त्यांना द्यायला हवे. १९९९ पासून मळ्याचे नियंत्रण एलव्हीएमएच या फ्रेंच उद्योगसमूहाकडे आहे.

१९५९ पासून येथे ‘इग्रेक’ नावाची कोरडी पांढरी वाईनही करतात. गोड वाईनच्या बाबतीत नियम कडक आहे: हंगाम साधला नाही, तर त्या वर्षाची बाटली निघत नाही. १९३०, १९५१, १९५२, १९६४, १९७२, १९७४, १९९२ आणि २०१२ या वर्षांची दिकेम बाजारात आलीच नाही. एका वर्षाचे उत्पन्न सोडण्याची ही तयारी तिच्या नावाला वजन देते. चांगल्या हंगामाची बाटली शंभर वर्षांहून अधिक टिकते. १८११ च्या हंगामाची एक बाटली २०११ मध्ये ७५,००० पौंडांना विकली गेली.