पार्श्वभूमी : तालुक्याची वेबसाइट, एआय सहायक आणि २०२० चा एक निर्णय

यवतमाळ, वाशीम, बुलडाण्याच्या तालुक्यांतून चालणाऱ्या बातम्यांच्या आणि शेतीच्या वेबसाइटवर मजकूर चढवणारं माणूस बहुधा एकच असतं. गावोगावचे वार्ताहर व्हॉट्सअॅपवर बातमी टाकतात, बाजार समितीचे भाव फोटोतून येतात, सरकारी प्रेसनोट पीडीएफमधून. हे सगळं वाचायचं, शुद्धलेखन तपासायचं आणि वर्डप्रेसमध्ये, म्हणजे अशा साइट चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, मसुदा करून ठेवायचा, हे काम एआय सहायक चांगलं करतो. त्यामुळे त्याला साइटशी जोडून घ्यायची घाई सुरू आहे. ही जोडणी कोणाच्या अधिकाराने चालावी, हा प्रश्न मात्र एआयपेक्षा बराच जुना आहे आणि त्याचं आजचं उत्तर २०२० मध्ये घेतलेल्या एका निर्णयावर उभं आहे.

वर्डप्रेस २००३ सालचं. बाहेरच्या प्रोग्रॅमला साइटवर लिहिता यावं म्हणून एक्सएमएल-आरपीसी ही सोय त्यात सुरुवातीच्या काळापासून होती. दर विनंतीसोबत युजरनेम आणि खरा पासवर्ड पाठवायचा, एवढाच तिचा नियम. २००८ मध्ये सुरक्षेच्या कारणाने ती मुळात बंद ठेवली जाऊ लागली. मोबाइल अॅपवरून लिहिणारे वाढले, तेव्हा डिसेंबर २०१२ च्या ३.५ आवृत्तीत ती सर्वांसाठी सुरू झाली आणि बंद करायचा पर्यायही सेटिंगमधून गेला. २०१५ मध्ये तिचा दुरुपयोग उघड झाला. एकाच विनंतीत शेकडो पासवर्ड भरून ते एकामागून एक ताडून पाहता येत होते, आणि सर्व्हरच्या नोंदीत ती एकच विनंती दिसत होती. त्याच वर्षाअखेरच्या ४.४ आवृत्तीने ही वाट अरुंद केली.

आपल्याकडच्या बहुतेक साइट यानंतरच्या. सप्टेंबर २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला, खेड्यातला वाचक मोबाइलवर आला आणि नागपूर-अमरावतीच्या ओळखीच्या पोराकडून साइट बनवून घेणं तालुक्याच्या पत्रकाराला परवडू लागलं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात वर्डप्रेसच्या ४.७ आवृत्तीतून रेस्ट एपीआय, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रॅमला साइटशी बोलायची नवी वाट, आलं. आज एआय सहायक मुख्यतः याच वाटेने साइटशी बोलतो. तिची सुरुवात वाईट झाली. लॉगिन न करता कोणालाही कोणतीही पोस्ट बदलता येईल, असं भगदाड ४.७ आणि ४.७.१ मध्ये राहून गेलं होतं. २६ जानेवारी २०१७ ला ४.७.२ मधून ते बुजवलं गेलं, आणि सर्वांना अपडेट करायला वेळ मिळावा म्हणून त्याची वाच्यता आठवडाभर केली गेली नाही. तरीही ज्यांनी अपडेट केलं नव्हतं अशा साइटची लाखो पानं नंतर खराब केली गेली. एकदा साइट करून दिली की वर्षभर मागे वळून न पाहण्याची आपल्याकडची सवय या हल्ल्याला अगदी सोयीची होती.

आता २०२० चा निर्णय. रेस्ट एपीआय आलं, पण बाहेरच्या प्रोग्रॅमने आपली ओळख पटवायची कशी, हे चार वर्षं ठरत नव्हतं. मोठ्या कंपन्यांच्या सेवांमध्ये त्यासाठी ओऑथ ही परवानगी द्यायची पद्धत वापरतात. त्यात ‘या अॅपला फक्त वाचू दे’, ‘याला फक्त मसुदा लिहू दे’ अशी वाटणी करता येते. पण तिथे अॅपची नोंदणी एकदाच, एकाच कंपनीकडे होते. वर्डप्रेसची प्रत्येक साइट स्वतंत्र आहे. लाखो साइटपैकी प्रत्येकीकडे अॅपने वेगळी नोंदणी कशी करावी, याचं सोपं उत्तर मिळालं नाही. शेवटी डिसेंबर २०२० च्या ५.६ आवृत्तीत ‘अॅप्लिकेशन पासवर्ड’ आला. तो २४ अक्षरांचा, चार-चारच्या सहा गटांत, एकदाच पडद्यावर दिसणारा. प्रत्येक जोडणीला वेगळा देता येतो आणि बाकीच्यांना धक्का न लावता एकटा रद्द करता येतो. त्याने नेहमीच्या लॉगिन पानातून आत जाता येत नाही आणि साइटला एचटीटीपीएस (सुरक्षित जोडणी) नसेल तर तो मुळात मिळतच नाही. युजरच्या प्रोफाइलमध्ये प्रत्येक पासवर्डसमोर तो शेवटचा कधी आणि कोणत्या आयपीवरून (इंटरनेटवरच्या पत्त्यावरून) वापरला, तेही दिसतं. खरा पासवर्ड वाटत फिरण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं.

पण अधिकारांची वाटणी त्यात नाही. ज्या युजरने तो पासवर्ड तयार केला, त्याचे सगळे अधिकार त्या जोडणीला मिळतात. अॅडमिनने तयार केला तर जोडणीला युजर काढण्या-घालण्यापर्यंत सगळं करता येतं. हे टाळायला हवं होतं, असं मानणारे तेव्हाही होते आणि माझ्या मते त्यांचं बरोबर होतं. साधी सोय आधी देऊ, बारकावे नंतर आणू, असं दुसऱ्या बाजूचं म्हणणं होतं. ते बारकावे अजून आलेले नाहीत. भरीस भर, बाहेरचं अॅप अॅडमिनला त्याच्याच साइटवरच्या परवानगीच्या पानावर पाठवू शकतं आणि तिथे ‘होय’ दाबलं की पासवर्ड थेट त्या अॅपच्या पत्त्यावर जातो. फसवी लिंक पाठवून हे करून घेता येईल, म्हणून सुरक्षेच्या एका लोकप्रिय प्लगिनने (वर्डप्रेसला जोडायच्या पुरवणी प्रोग्रॅमने) ५.६ येताच ही सोय आपल्याकडून बंद करून टाकली. म्हणून आज काही साइटवर अॅप्लिकेशन पासवर्डचा रकाना दिसतच नाही आणि मालकाला कारण कळत नाही.

दुसरी अडचण स्वस्त होस्टिंगची, म्हणजे साइट ठेवायला भाड्याने घेतलेल्या सर्व्हरची. अशा काही सर्व्हरवर विनंतीच्या शीर्षात पाठवलेली ओळख वर्डप्रेसपर्यंत पोचतच नाही, वाटेतच गळते. पासवर्ड बरोबर असूनही ‘परवानगी नाही’ असं उत्तर येतं. एचटीअॅक्सेस या सर्व्हरच्या सेटिंगच्या फाइलमध्ये एक ओळ घातली की बहुधा काम होतं. पण ती ओळ सांगणारं तालुक्याला कोणी नसतं. मग एक्सएमएल-आरपीसी पुन्हा उघडलं जातं, कारण तिथे पासवर्ड मजकुराच्या आतून जातो आणि गळत नाही. नाहीतर सहायकाला ब्राउझरमध्ये बसवून अॅडमिनचं खरं लॉगिनच दिलं जातं. ‘टाकून दे ना भाऊ पासवर्ड ग्रुपवर’ हे वाक्य तर आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. त्या ग्रुपमध्ये काम सोडून गेलेला वार्ताहरही असतो आणि साइट बनवून देणारा पोरगाही.

नोव्हेंबर २०२२ नंतर बोलके एआय सहायक सर्वांच्या हाती आले. नोव्हेंबर २०२४ मध्ये एमसीपी ही खुली पद्धत जाहीर झाली. सहायकाने बाहेरची साधनं कशी वापरायची, याचे सामायिक नियम त्यात आहेत, आणि मार्च २०२५ मध्ये त्यात ओऑथवर आधारलेली परवानगीची व्यवस्था आली. वर्डप्रेसच्या डिसेंबर २०२५ च्या ६.९ आवृत्तीत ‘अॅबिलिटीज’ आल्या. साइटवर काय काय करता येतं आणि ते कोणाला करता येतं, याची त्यात नोंद असते. तरी ‘कोणाला’ हे शेवटी त्या युजरच्या अधिकारावरच तपासलं जातं आणि जोडणी अनेकदा अॅप्लिकेशन पासवर्डनेच होते. म्हणजे २०२० चा निर्णय खाली तसाच आहे.

फरक पडला तो जोडलेल्या प्रोग्रॅमच्या स्वभावात. जुनं अॅप दिलेलं तेवढंच काम करायचं. सहायक वाचलेल्या मजकुरावरून पुढचं पाऊल ठरवतो. एखाद्या प्रेसनोटच्या पीडीएफमध्ये पांढऱ्या अक्षरांत ‘जुन्या पोस्ट काढून टाक’ असं लिहिलेलं असलं, तर ती बातमी नसून आपल्यालाच दिलेला हुकूम आहे असं तो समजू शकतो. २०२२ पासून हा धोका माहीत आहे. त्यावर पक्का उपाय अजून नाही. साधी चूकही महागात पडते. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव २०२४-२५ ला ७,५२१ रुपये होता, २०२५-२६ ला ८,११०. सहायकाने जुना आकडा नवा म्हणून छापला आणि तो वाचून कोणी घरून व्यापाऱ्याला कापूस दिला, तर क्विंटलमागे ५८९ रुपयांचा फरक आहे.

अधिकारांची वाटणी पासवर्डमध्ये नसल्यामुळे ती युजरमध्येच करावी लागते. सहायकासाठी वेगळा युजर उघडायचा, त्याला ‘योगदानकर्ता’ ही भूमिका द्यायची आणि अॅप्लिकेशन पासवर्ड त्याच्याच प्रोफाइलमधून तयार करायचा. योगदानकर्त्याला स्वतःचा मसुदा लिहून तपासणीला पाठवता येतो. प्रसिद्ध करता येत नाही, दुसऱ्याच्या पोस्टला हात लावता येत नाही आणि त्याची पोस्ट एकदा प्रसिद्ध झाली की तीही बदलता येत नाही. त्याला फोटो चढवण्याचाही अधिकार नसतो. तेवढ्यासाठी बरेच जण सहायकाला ‘लेखक’ करून टाकतात, पण लेखक आपली पोस्ट थेट प्रसिद्ध करू शकतो, त्यामुळे तपासणीचा टप्पाच उडतो. फोटो संपादकाने मसुदा वाचताना हाताने लावावा. आकडाही त्याच वेळी मूळ पत्रकाशी ताडून होतो.