मायएसक्यूएल इन्स्टॉल होत नसेल तर काहीही पुसण्याआधी हे वाचा

(आमच्या लिनक्स सर्व्हर ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

उबंटू (लिनक्सचा एक प्रकार) अपग्रेड केलं किंवा सॉफ्टवेअर नव्या मशीनवर हलवलं, की 'मायएसक्यूएल इन्स्टॉल फेल होतंय' (मायएसक्यूएल म्हणजे तुमचा डेटा सांभाळणारा डेटाबेस प्रोग्रॅम) असे फोन आमच्याकडे सुरू होतात. तोपर्यंत बहुतेकांनी पॅकेज काढून परत टाकलेलं असतं आणि तीच एरर परत आलेली असते. मग आणखी एकदा काढणं, आणखी एकदा टाकणं. शेवटी कुठल्यातरी व्हिडिओत बघून डेटाचं फोल्डरच उडवलं जातं आणि त्यानंतर आम्हाला फोन येतो. मशीनवर पतसंस्थेची खाती असोत की पॅथॉलॉजी लॅबचे रिपोर्ट, त्या शेवटच्या पायरीनंतर भरवसा फक्त बॅकअपवर उरतो. बॅकअप पंधरा दिवसांपूर्वीचा असेल तर पंधरा दिवसांच्या एंट्र्या परत हाताने माराव्या लागतात.

एरर आली की हात थांबवा. लॉग, म्हणजे सर्व्हरने स्वतः लिहून ठेवलेली नोंद, वाचा, नाहीतर आम्हाला पाठवा. काढून परत टाकल्याने हा प्रॉब्लेम का सुटत नाही, हे एकदा समजलं की पुढचा बराच त्रास वाचेल.

फेल नेमकं काय होतं?

पॅकेज टाकताना दोन टप्पे असतात. आधी फायली जागेवर जातात. मग डीपीकेजी (पॅकेज बसवणारा उबंटूचा प्रोग्रॅम) पॅकेज 'कॉन्फिगर' करतं, म्हणजे डेटाचं फोल्डर तयार करतं किंवा आहे तेच वापरतं आणि सर्व्हिस चालू करून बघतं. पहिला टप्पा सहसा व्यवस्थित पार पडतो. अडतं ते दुसऱ्यात. सर्व्हर चालू होत नाही, म्हणून डीपीकेजी पॅकेजवर 'अर्धवट' असा शिक्का मारतं आणि स्क्रीनवर 'एरर कोड १' येतो. त्यानंतर तुम्ही दुसरं कुठलंही पॅकेज टाकायला गेलात तरी तीच रड परत दिसते.

थोडक्यात, इन्स्टॉल झालेलं असतं, फक्त सर्व्हर उठत नसतो. तो का उठत नाही याचं कारण बहुतेक वेळा सेटिंगच्या फाईलमध्ये, डेटाच्या फोल्डरमध्ये नाहीतर मशीनच्या जागेत-मेमरीत असतं. 'एपीटी रिमूव्ह' (पॅकेज काढायचा हुकूम) यातल्या कशालाच हात लावत नाही. सेटिंग 'ईटीसी'खाली आणि डेटा 'व्हार'मधल्या 'लिब'खाली जसाच्या तसा राहतो. नवं पॅकेज येऊन पुन्हा त्याच चुकीच्या ओळीवर अडखळतं. 'पर्ज' केलं तर सेटिंग जातं खरं, पण त्याच वेळी 'डेटाबेसही काढायचे का' असा प्रश्न येतो आणि वैतागलेला माणूस तिथे घाईत 'हो' म्हणून मोकळा होतो.

एक नेहमीचं उदाहरण

उबंटू १८.०४ वर मायएसक्यूएल ५.७ होतं, २०.०४ वर ८.० आलं. ५.७ च्या सेटिंग फाईलमध्ये उबंटूनेच दोन ओळी दिलेल्या होत्या: 'क्वेरी कॅशे लिमिट' १ एम आणि 'क्वेरी कॅशे साईझ' १६ एम. ८.० मधून क्वेरी कॅशे (आधीची उत्तरं साठवून ठेवायची सोय) पूर्ण काढून टाकलं आहे, त्यामुळे या ओळी त्याला ओळखूच येत नाहीत. अनोळखी ओळ दिसली की तो उठायला सरळ नकार देतो.

आता तुम्ही त्या फाईलमध्ये पूर्वी काही बदललेलं असेल, समजा दुकानातल्या दुसऱ्या पीसीवरून जोडता यावं म्हणून 'बाइंड ॲड्रेस' बदलला असेल, तर अपग्रेड करताना मशीन विचारतं की जुनी फाईल ठेवू की नवी टाकू. नुसतं एंटर दाबलं की जुनी राहते, आणि जुन्या फाईलबरोबर त्या दोन ओळीही राहतात.

अशा वेळी लॉगमध्ये 'अननोन व्हेरिएबल' आणि त्याच्यापुढे 'क्वेरी कॅशे लिमिट' असं स्वच्छ लिहिलेलं असतं. त्या ओळीच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह (#) टाका, म्हणजे सर्व्हर ती ओळ सोडून देईल. मग सर्व्हर दुसऱ्या ओळीवर थांबेल, कारण तो एका वेळी एकच चूक सांगतो. इथेच लोकांची गल्लत होते. 'ओळ काढली तरी तीच एरर येते' असं आम्हाला सांगतात, पण नीट पाहिलं तर एररमधलं नाव बदललेलं असतं. दुसऱ्या ओळीलाही हॅश लावा. मग 'मायएसक्यूएलडी' हा प्रोग्रॅम 'व्हॅलिडेट कॉन्फिग' ऑप्शनने चालवून बघा. सर्व्हर चालू न करता तो सेटिंग तपासून देतो. काही तक्रार आली नाही, की डीपीकेजीला 'कॉन्फिगर, सगळे' एवढाच हुकूम द्या. अर्धवट राहिलेलं काम तिथून पुढे पुरं होतं. पॅकेज काढायची गरजच पडत नाही.

लॉग कसा वाचायचा?

'व्हार'मध्ये 'लॉग', त्यात 'मायएसक्यूएल', त्यात 'एरर डॉट लॉग'. तिथे काही नसेल तर जर्नलसीटीएलमधून (सिस्टीमच्या नोंदी दाखवणारा हुकूम) त्या सर्व्हिसचं जर्नल काढा. बरेच जण सगळ्यात खालची ओळ वाचतात आणि तिथे 'अबॉर्टिंग' एवढंच दिसतं. त्यातून काही कळत नाही. शेवटचा स्टार्ट जिथून झाला तिथपासून खाली या आणि 'एरर' शब्द असलेली पहिली ओळ पकडा. कारण तिच्यात असतं. बाकीच्या ओळी तिच्यामुळे आलेल्या असतात.

'सॉकेटमधून कनेक्ट होता येत नाही' आणि कंसात २, ही एरर पाहून लोक सॉकेटची फाईल (जिच्यातून बाकीचे प्रोग्रॅम सर्व्हरशी बोलतात ती) शोधायला, कधी कधी हाताने बनवायलाही जातात. २ चा अर्थ फाईल नाही एवढाच. सर्व्हर उठला की ती फाईल तोच बनवतो. तेव्हा सॉकेट सोडा आणि लॉगकडे वळा.

बाकीचे आकडे पटकन सांगतो. २८ म्हणजे डिस्क भरली आहे. १३ म्हणजे परवानगी नाही. हा बहुतेक वेळा डेटा रूट (मुख्य ॲडमिन युजर) म्हणून कॉपी केल्यावर येतो, त्यामुळे फोल्डरची मालकी मायएसक्यूएल युजरकडे द्या. मालकी बरोबर असूनही १३ येत असेल आणि डेटा दुसऱ्या डिस्कवर हलवलेला असेल, तर उबंटूवर ॲपआर्मर (प्रोग्रॅमला ठरलेल्या फोल्डरबाहेर जाऊ न देणारी सुरक्षा) अडवतं. त्याला नवी जागा सांगावी लागते. ७७७ (सगळ्यांना सगळं करू देणारी) परवानगी देऊन यातलं काही सुटत नाही, उलट सर्वांना लिहिता येणारी सेटिंग फाईल मायएसक्यूएल वाचतच नाही. 'आयबीडेटा१' (मायएसक्यूएलची मुख्य डेटा फाईल) लॉक होत नाही आणि ११ दिसला, तर जुना सर्व्हर मागे अजून चालू आहे. लॉग मध्येच तुटलेला असेल आणि कारण दिसत नसेल, तर मेमरी बघा. १ जीबीच्या क्लाउड मशीनवर मेमरी संपली की कर्नल (लिनक्सचा गाभा) सर्व्हरला मारून टाकतो आणि तशी नोंद डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींत) मिळते.

रूटला 'ॲक्सेस डिनाइड' येणं म्हणजे इन्स्टॉल फेल होणं नव्हे. उबंटूवर रूट पासवर्डने नाही, सुडोने (ॲडमिन म्हणून हुकूम चालवून) आत जातो.

विंडोजवरून येणाऱ्यांनी आधी विचारा

विंडोजवर टेबलचं नाव मोठ्या अक्षरांत लिहा की लहान, फरक पडत नाही. लिनक्सवर पडतो. म्हणून 'लोअर केस टेबल नेम्स' हे सेटिंग १ करायचं असतं. पण ८.० मध्ये ते डेटाचं फोल्डर पहिल्यांदा बनतानाच ठरतं. नंतर बदललं की सर्व्हर उठत नाही. तुमचं बिलिंग किंवा ॲडमिशनचं सॉफ्टवेअर विंडोजवरून येणार असेल तर इन्स्टॉलच्या आधी आम्हाला सांगा. पाच मिनिटांचं काम आहे. नंतर सांगितलंत तर सगळा डेटा काढून, फोल्डर नव्याने बनवून परत भरावा लागतो.

तसंच, मायएसक्यूएल ८ चा डेटा असलेल्या फोल्डरवर मारियाडीबी (मायएसक्यूएलमधूनच निघालेला दुसरा डेटाबेस) टाकू नका. दोन्ही एकच फोल्डर वापरतात, पण ८ चा डेटा मारियाडीबीला उघडता येत नाही. आणि ५.७ चा डेटा ८.० ने एकदा उघडला की तो परत ५.७ वर नेता येत नाही. म्हणूनच अपग्रेडच्या आधी सर्व्हर बंद करून फोल्डरची पूर्ण कॉपी आम्ही घेतोच, मग तुम्हाला कितीही घाई असो.

'नुसतं जोडून बघा ना'

म्हणजे रिमोटवर मशीनला जोडून बघा, असं बरेच ग्राहक म्हणतात, आणि आम्ही आधी लॉग मागतो म्हणून थोडे नाराजही होतात. लॉग हाती असला की काय करायचं ते आम्ही बऱ्याचदा फोनवरच सांगतो, त्याचे पैसे घेत नाही आणि तुमचं काउंटरही लवकर चालू होतं. लॉगशिवाय रिमोटवर आलो तर तुमच्या चालू मशीनवर अंदाज बांधत बसावं लागतं. तसं काम करायला आम्ही तयार नाही.

डेटा पुसल्यानंतरच्या रिकव्हरीचे पैसे वेगळे लागतात आणि त्यात डेटा परत मिळेलच अशी हमी आम्ही देत नाही. वार्षिक करारातल्या ग्राहकांचा बॅकअप आम्ही नुसता घेत नाही, दुसऱ्या मशीनवर चढवून तो उघडतो का तेही बघतो. करार नसेल तरी अपग्रेडपुरतं हे काम करून देतो, फक्त दोन दिवस आधी कळवा.

एरर आली की एरर लॉगची फाईल, सेटिंगची फाईल (त्यात पासवर्ड असेल तर तेवढा खोडून), डिस्क किती शिल्लक आहे ते आणि उबंटूची आवृत्ती, एवढं बिलावरच्या नंबरवर व्हॉट्सॲप करा. स्क्रीनचा फोटो नको, फाईलच पाठवा. फोटोत नेमकी कामाची ओळ कापली जाते. लाईट जाऊन इन्स्टॉल मध्येच तुटलं असेल तर तेही लिहा, त्याला उपाय वेगळा आहे. आणि आधी काही पुसलेलं असेल तर तेही मोकळेपणाने सांगा. आम्ही रागावत नाही, पण ते माहीत नसेल तर मशीन बंद ठेवायला सांगायचं राहून जातं, आणि चालू मशीनवर पुसलेल्या डेटाच्या जागी नवा डेटा लिहिला जात राहतो.